पाण्याखालची पायरी

आबा, तुमचा तो काळसर काचेचा फिल्टर गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा बाहेर काढला. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तळेगावातला आपला स्टुडिओ आता मी चालवते. वडगाव रासाईच्या चार बाया आल्या होत्या. भीमेच्या घाटाची पाण्याखालची एक पायरी फुटलीय, तिच्यावरून घसरून एकीचा हात मोडला. पाहणीला आलेले साहेब पाण्यावरची चकाकी बघून "सगळं ठीक दिसतंय" म्हणून निघून गेले. "ताई, ग्रामसभेत दाखवाया फोटू पायजे," मोडक्या हाताची बाई म्हणाली, "न्हाईतर आमचं कोन ऐकतंय?"

मला लगेच तो दिवस आठवला. मी आठ-नऊ वर्षांची, आपण दोघं नदीकाठी. तुम्ही फिल्टर माझ्या डोळ्यापुढं धरलाय, मी तो गरागरा फिरवतेय, आणि तुम्ही ओरडताय, "आगं, हळू! घाई केली तर काय बी दिसायचं न्हाई." मग हळू फिरवला. चकाकी पुसल्यासारखी गेली आणि तळाचे गोटे दिसले, त्यांच्यामधून एक मासा सरकला. मला ती जादूच वाटली होती.

म्हणून घाटावर जाऊन तोच फिल्टर माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला. माप जुळलं, चकाकीही गेली. पण एक फोटो काळा, दुसरा पांढराफटक, आणि फोकस मागेपुढे करत बसलेला. बाया काठावर उभ्या. मी मनात म्हटलं, आबांची काच गेली.

दौंडच्या कॅमेऱ्याच्या दुकानात ती दाखवली तर दुकानदार हसला. "ताई, काच एकदम शाबूत हाय. पन हा चकाकी घालवायचा फिल्टर लिनियर जातीचा. तुम्हाला सर्क्युलर लागंल."

"दोन्ही गोलच तर आहेत."

"गोल आकाराचं न्हाई ओ. तुमच्या कॅमेऱ्यात आरसा हाय, तो थोडा उजेड मोजायला आन् फोकसला वाटून देतो. लिनियरमधून आलेला उजेड त्याला चकवतो. सर्क्युलरला मागं आनखी एक थर असतो, तो उजेडाला पुन्हा फिरवून सोडतो. चकाकी दोन्ही सारखीच घालवत्यात."

मी विचारलं, सगळं हातानं लावलं तर जुना चालेल? चालेल की, म्हणाला. तुम्ही तसंच करत होता. तुमचा उजेड तुमच्या डोळ्यानं मोजलेला असायचा. पण दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, आणि बायांच्या कामात माझा हट्ट मला नको वाटला. सर्क्युलर घेतला. तुमचा डबीत ठेवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

सकाळी काठावरून तिरपा कॅमेरा धरला आणि फिल्टर हळू फिरवला. फुटकी पायरी दिसली, आबा! मधोमध तुटलेली, खाली हातभर पोकळी. ग्रामसभेत फोटो हातोहात फिरला. मग सरपंचच म्हणाले, "हे आधी करू." आता पाणी वळवून काम चालू झालंय. परवा त्या बाईनं भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली, प्लास्टर काढलेल्या हातानं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून हेही लिहिते. तुम्ही गेल्यावर वर्षभर मी लग्नाच्या ऑर्डरी परत पाठवल्या. लोकांना सांगायची, कॅमेरा बिघडलाय. कॅमेरा चांगला होता. फोटो चुकला तर आता ओरडणारं कोणी नाही, याचीच मला भीती वाटत होती.