सरळ बांधलेले पाय

प्रिय अव्वा,

आज मेट्रन मॅडमनी माझ्या बदलीला हो म्हटलं. नोकरीला लागून वर्षसुद्धा झालेलं नसताना कुणाला वॉर्ड बदलून मिळतो का? मला मिळाला. सोमवारपासून लहान मुलांना लसी टोचायच्या. खोलीवर आले, ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. उठून कपड्यांच्या घड्या केल्या, त्याच मोडून पुन्हा केल्या. मग म्हटलं, तुलाच लिहावं.

तू विचारशील, मराठीत कशाला? घरात आपण कन्नडच बोलायचो, पण माझी शाळा मराठी. तुझी भाषा मला बोलता येते, लिहिता येत नाही. आणि तुला तर कुठलंच अक्षर येत नव्हतं. तिथं एखादा मास्तर भेटला तर वाचून घे, आणि वाचताना त्याच्याशी भांडू नकोस.

भांडायची केवढी हौस तुला! वळसंगच्या थांब्याच्या पुढे नेऊन एसटी उभी केली की अर्ध्या गाडीला ऐकू जाईल असं तू कंडक्टरला सुनवायचीस. मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे, जणू ही बाई माझी कुणीच नाही. मला नर्स करायचं म्हणून अप्पांच्या मागे तूच लागलीस. म्हणालीस, पोरगी अबोल आहे, आजारी माणसाला अबोलच बरी. चुकलीस गं अव्वा. आजारी माणसाला बोलणारीच लागते.

माझा वॉर्ड मोठ्या आजारांचा. अक्कलकोटकडची, पार कर्नाटकातल्या इंडीकडची माणसं सोलापुरात येऊन इथं पडतात. पुष्कळांना मराठी जेमतेम कळतं. मी रुजू झाले आणि कुणीतरी म्हणालं, हिला कन्नड येतं. झालं! डॉक्टर तपासून निघून जातात, आणि नातेवाइकांना 'तुमचं माणूस गेलं' हे सांगायला मला पुढे करतात. सगळ्यांत नवी मी, आणि सगळ्यांत जड काम माझ्याकडे. तेही करत होते. रडणाऱ्या बायांना धरून बसत होते. त्यासाठी मी बदली मागितली नाही, हे तुला आधी सांगून ठेवते.

मागच्या आठवड्यात सकाळी एक आजोबा गेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. मुलाला मी बाहेर जाऊन सांगितलं. तो रडला नाही. हात जोडून म्हणाला, "यव्वा, अप्पान्न कुंदरसरी." वडलांना बसवा, बाई. मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. आपल्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवतात, बसवूनच मातीत ठेवतात. आणि अंग ताठरायच्या आत बसवावं लागतं, नंतर गुडघे वाकत नाहीत.

मी आत गेले. इन्चार्ज सिस्टर हनुवटीला पट्टी बांधत होत्या. मला म्हणाल्या, "पायाचे अंगठे बांध, सरळ कर, कागद व्हायला वेळ लागेल." आणि मी बांधले. अव्वा, मी बांधले! माझ्याच हातांनी पाय सरळ केले, पट्टीला गाठ मारली, चादर ओढली. कॉलेजात शिकवलेलं जसंच्या तसं. तो मुलगा दारातून बघत होता. त्याला वाटत असेल, आपलीच पोरगी आहे, हिला माहीत असणार.

कागद व्हायला दुपार झाली. चादर काढून त्यानं आणि त्याच्या चुलत्यानं गुडघे वाकवून बघितले. मग चुलता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. मठातले स्वामी काय म्हंतील ते बगू." मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. वॉर्डातल्या मावशींनी मात्र मला चहा आणून दिला आणि म्हणाल्या, "लई इचार करू नको. तू नवी हाईस की." तो चहा मी ओतून दिला.

तेव्हापासून मला तू दिसतेस. तू गेलीस त्या सकाळी मी कॉलेजातून निघून घरी पोचेपर्यंत भावकीतल्या बायांनी तुला बसवलं होतं. भिंतीला टेकून, इरकल नेसून, मांडी घालून. तुझे गुडघे किती दुखायचे! जेवतानासुद्धा पाय लांब करून बसायचीस. आणि त्या दिवशी अशी ताठ बसली होतीस, की मला वाटलं आता विचारशील, एवढा उशीर का केलास. त्या बायांनी पाय मुडपले तेव्हा दुखलं का गं? मी रडले, पण तुला बसलेली बघून मनाला कुठंतरी बरं वाटलं होतं. तेवढंही त्या मुलाला मी मिळू दिलं नाही.

तर आज मेट्रन मॅडमकडे गेले. आधी पाठ दुखते म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "तुझ्या वयात?" मग सगळं बाहेर आलं. त्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुझं मन हळवं आहे. तू लसीकरणाला जा." मला राग आला. म्हटलं, "मॅडम, मला मरणाची भीती नाही." तर म्हणाल्या, "मग त्या दिवशी का बोलली नाहीस? पाय सरळच बांधायचे असा काही आपला नियम नाही. सवय आहे. तुमच्यात बसवतात हे मला आज कळतंय. इन्चार्जलाही माहीत नसणार. माहीत होतं ते फक्त तुला."

खरं आहे. कुणी अडवलंच नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, तुझ्या पोरीला तेवढं जमलं नाही.

मी विचारलं, बदली रद्द करू का? त्या म्हणाल्या, रागाच्या भरात ठरवू नकोस, तूर्त जा. आणि मी जाणार आहे, अव्वा. उगाच शूर होत नाही. त्या दारातून आत शिरताना माझे हात गार पडतात, अशा हातांनी सलाईन लावता येत नाही. पण जायचं ठरलं तरी चैन का पडत नाही? पळून चालल्यासारखं का वाटतं?

अजून उद्याची ड्युटी आहे. दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी आहे, तिच्याही गळ्यात लिंग. धाप थांबत नाही. सून उशाशी बसून कन्नडमध्ये तिला रागावते, खा म्हणते, आणि पदरानं डोळे पुसते. डॉक्टरांनी आशा सोडलीय. तिनं जगावं असंच मला वाटतं. पण नाही जगली तर?

उद्या गेल्या गेल्या मी इन्चार्ज सिस्टरना सांगणार आहे, ही गेली तर पाय बांधायचे नाहीत, लगेच बसवायचं. आणि मी खाली मुलांना लसी देत असताना वरून बोलावणं आलं, तर टोचून झालेलं पोर आईच्या हातात देऊन मी जिने चढून येईन. हे तुला वचन. बातमी सांगीन, मग सिस्टरच्या हातातली पट्टी काढून घेईन, आणि सुनेला म्हणेन, तुम्ही पाठ धरा, मी गुडघे धरते.

तुझी,
भाग्या