पेटीत पाणी खेळवायचं म्हणजे

प्रिय इंजिनीअरबाई,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत आणि मी कुणाची वकिली करायलाही बसलेले नाही. तुमचा घटस्फोट होऊन चार महिने झाले आणि तू हे घर सोडलंस त्याला आता अकरा होतील. तेव्हापासून आपण दोघी एक अक्षर बोललेलो नाही. कायद्यानं मी तुझी कुणी लागत नाही, हे मला समजावून सांगायला नको. पण अडचण अशी आहे की जे विचारायचंय ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. फोन करणार होते. तीनदा तुझा नंबर काढला आणि तीनदा फोन पालथा ठेवून दिला. तू पूर्वीसारखं ‘बोला आई’ न म्हणता नुसतं ‘हॅलो’ म्हणाली असतीस, तर माझं तिथंच अवसान गळालं असतं. त्यापेक्षा कागद बरा.

तर विषय तुझ्या कॉम्प्युटरचा. तू एकेक सुटा भाग आणून जोडलेली ती काळी पेटी अजून खिडकीशेजारीच आहे. चिरंजीव म्हणाले, देऊन टाकू कुणाला तरी. मी म्हटलं, हात लावून तर बघ! ते आता नोकरीपायी दुसऱ्या गावी असतात, महिन्यातून एकदा उगवतात, मळक्या कपड्यांचं गाठोडं टाकतात आणि त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळतात. मी मात्र रोज तिथं बसते. तू शिकवलेलं फोटो दुरुस्त करायचं काम मी सोडलेलं नाही. आधी आपल्याच अल्बममधले बुरशी धरलेले फोटो केले, मग शेजारणीचे, आणि आता अनोळखी माणसंसुद्धा पाकिटं घेऊन जिना चढतात. वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी त्यांच्या आईचा एकुलता एक फोटो आणून दिला, ओलीनं अर्धा पुसलेला. मशीनला कामाला लावलं, तर पंखे असे बोंबलायला लागले की घड्याळजी खुर्ची मागे सारून उभेच राहिले. एक डोळा आला, नाक आलं, आणि फट्‌दिशी सगळं बंद! पडद्यावर शेवटचा आकडा दिसला तो अठ्ठ्याण्णव अंश. अगं, चौतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढली मी. अठ्ठ्याण्णवला बर्नर बारीक करायचा असतो, एवढं मला झोपेतही कळतं. पण ह्या पेटीत बर्नर कुठाय?

मशीनचे कागद शोधायला तुझा खण उघडला, त्यात तुझी आलेखाची वही सापडली. ‘पाण्याने थंड करणे, पहिला प्रयत्न’ असं वर लिहिलेलं, चार पानं आराखडा आणि खाली एकेक पायरी. विचारल्याशिवाय वाचली, त्याबद्दल रागाव हवं तर. मी मात्र हरखूनच गेले. मला वाटलं, हे तर माझंच काम की! आमच्याकडे वाफ थंड करायची तर काचेच्या नळीभोवती पाणी खेळवायचं, नळीचं एक टोक नळाला, दुसरं बेसिनमध्ये. झालं, मी उठले, स्वयंपाकघराच्या नळापासून मशीनपर्यंत टेप धरला, जायला अकरा फूट आणि यायला अकरा, आणि तडक सुट्या भागांच्या दुकानात जाऊन बावीस फूट नळी मागितली. दुकानदार भला माणूस. त्यानं आधी विचारलं, मावशी, माशांची टाकी केवढी आहे? मी सगळं समजावल्यावर चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला की अहो, पाणी बाहेर जातच नाही, तेच तेच फिरत राहतं. पंपानं ढकलायचं, तापलेल्या भागावरून न्यायचं, रेडिएटरमध्ये पंख्यानं निववायचं आणि परत पंपाकडे. मी दुकानात लाजेनं चूर झाले. घरी येताना मात्र चौतीस वर्षं बेसिनमध्ये सोडलेल्या पाण्याचाच विचार करत होते. एकाही प्राध्यापकाच्या डोक्यात हे येऊ नये, कमाल आहे.

तेव्हापासून मी रीतसर कामाला लागले आहे. तू रेडिएटर पेटीच्या छताला दाखवलायस. मी त्याच्या मापाचा पुठ्ठा कापला, पंख्यांच्या जाडीसकट, आणि आत बसवून बघितला. नाही बसत बाई! मेमरीच्या पट्ट्या अंगठाभर आड येतात. पुढच्या बाजूला मात्र छान बसतो, म्हणून आराखड्यात मी तो तिकडे हलवलाय. चालेल ना? पाण्याची टाकी पंपाच्या वर दाखवली आहे, म्हणजे पंप कधी कोरडा फिरायचा नाही. दुकानदार हलका पडेल म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर गळ्यात मारत होता. मी म्हटलं, प्रोसेसरवर बसणारा ठोकळा तांब्याचा, आणि त्याच पाण्यात ॲल्युमिनियम? दोन धातू एका पाण्यात ठेवले की एक दुसऱ्याला खातो, हे मी चंचुपात्रात शंभरदा बघितलंय. तेव्हापासून तो मला मावशी म्हणायचं सोडून मॅडम म्हणतो. आता खरा प्रश्न. तू आधी प्रोसेसर आणि जमलं तर पुढे ग्राफिक्स कार्ड असं लिहिलंयस, पण माझ्या फोटोंच्या कामात सगळ्यात जास्त तापतं ते कार्डच. मग कार्डालाही आत्ताच पाणी द्यायचं का? त्याचे पंखे उतरवायला माझा हात धजावत नाही. स्क्रू एवढे बारीक, आणि एखादा चुकीचा पिळला गेला तर बसा बोंबलत.

तू असतीस तर म्हणाली असतीस, बिघडवा बिनधास्त, मी आहे ना. पहिल्या दिवशी माऊस हातात देताना तू हेच म्हणाली होतीस, आठवतं? मी त्या माऊसवर असा हात ठेवला होता की जणू चटका बसणार आहे. मग त्या टेबलावर आपण दोघी इतका पसारा मांडायला लागलो की चिरंजिवांना ताट मांडीवर घेऊन जेवावं लागायचं. काय दिवस होते ते! मला सून मिळाली हे सगळ्यांनी बघितलं, पण साठाव्या वर्षी मला शाळा मिळाली हे कुणाला माहीत नाही. पुढे पुढे तुमच्या खोलीतून आवाज चढायला लागले, तेव्हा मी खुर्ची मशीनच्या आणखी जवळ ओढून बसायचे. म्हणायचे, नवरा-बायकोचं आहे, निवळेल आपोआप. आता वाटतं, माझ्याइतकं सोयीनं बहिरं कुणी नसेल.

एक मात्र सांगते, तुझ्या आराखड्यात मी चूक काढली आहे. पाणी आत कुठून घालायचं ते आहे, फिरणार कसं ते आहे, पण बाहेर कुठून काढायचं? वर्षाकाठी बदलायची वेळ आली की काय पेटी उलटी करून झटकणार होतीस? सगळ्यात खालच्या जागी एक छोटा चावीचा नळ मी माझ्या पेन्सिलनं काढलाय. तुझ्या शाईवर पेन्सिल चालवताना जरा धीटपणा केल्यासारखं वाटलं, पण चित्र चांगलं आलंय. बाकी तू लिहिलेलं सगळं तसंच करणार. पाणी नळाचं नाही, शुद्ध केलेलंच. आधी चोवीस तास फक्त पंपाला वीज, बाकी सगळं बंद, आणि प्रत्येक जोडाखाली टिपकागद. सगळे भाग आणून टेबलावर मांडून ठेवले आहेत. अजून एकही जोडलेला नाही.

का नाही जोडला, ते आता सांगते. पाणी घालायच्या पायरीला तू लिहिलंयस, ‘हवेचे बुडबुडे काढायला पेटी तिरकी करावी लागेल. जड आहे. आई धरतील.’ खाली तारीख आहे, तू घर सोडलंस त्याच्या नऊ दिवस आधीची. म्हणजे घरात तुझ्याशी धड बोलायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हाही तू माझ्यावर भरवसा टाकून होतीस. आणि तू बॅग घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा मी काय केलं? स्वयंपाकघरात मिक्सर लावला. भांड्यात काहीसुद्धा नव्हतं. तू ‘येते आई’ म्हणशील ते कानावर पडू नये म्हणून लावला, आणि तरी पडलं. मुलाची आई म्हणून काय बोलावं ते सुचेना, म्हणून तुझी म्हणून दारापर्यंतसुद्धा आले नाही. चुकलं माझं. फार चुकलं. तुमच्या दोघांच्यात मी पडणार नाही, परत ये असं तर मुळीच म्हणणार नाही, आणि ह्या घराची पायरी तू पुन्हा चढावीस अशी अपेक्षाही नाही. मशीन तुझं आहे. पेटी, पंप, नळ्या, सगळं चादरीत गुंडाळून टेम्पोत घालते आणि तू म्हणशील त्या रविवारी तुझ्या दारात आणते. फक्त ‘या’ एवढं कळव. पाणी तू ओत. पेटी मी धरते.

तुझीच,
आई