पाकोळीचा चमचा

यवत, रविवार, १२ जानेवारी

आज धाकट्या भावानं, दत्तूनं, बंद पडलेल्या विमान कंपनीचं संग्रहालय दाखवायला पुण्याला नेलं. तो त्याच कंपनीत विमानांच्या सफाईला होता. काचेच्या कपाटात कंपनीची पाकोळी पक्ष्याची खूण असलेला चमचा दिसला. दत्तू तिथल्या बाईंना हसत म्हणाला, "मोजणीत ह्यातला एक कमी भरला, आन् मला चोर म्हणून घरी बसवलं."

तो कमी भरलेला चमचा मी घेतला होता. दत्तूच्या पासवर एकदाच विमानात बसलो. वाटलं, ताटात आलं ते आपलंच. घरच्या भांड्यांवर घालतात तसं त्यावर वडिलांचं नावही घालून घेतलं. दत्तूची नोकरी गेली तेव्हा बोललो नाही. आजही नाही. का नाही बोललो?

घरी येताच बायकोला म्हणालो, "तो पाकोळीचा चमचा टाकून दे."

"का वो? दत्तूभावजी जेवायला आले की तोच मागत्यात. म्हणत्यात, वहिनी, दादाचा चमचा द्या."

म्हणजे त्याला ठाऊक आहे. मग आज त्यानं मला तिथं कशाला नेलं?