होम प्लेटवरचा हात

१३ जुलै, रवि.
बोटं अजून गार आहेत. ट्रुगानिनात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, मैदानावर वारा नुसता चावत होता. इराची अंडर-सिक्स्टीनची बेसबॉल मॅच. लीगचा अंपायर आजारी. अशा वेळी क्लब एखाद्या पालकाला उभं करतो, आणि हौसेने अंपायरिंगचा कोर्स केलेला पालक आमच्या क्लबात एकच. आमचा मिलिंद. मी म्हटलं होतं, स्वतःच्या मुलीच्या मॅचला नको उभा राहूस. "मग काय, मॅच रद्द करायची?"

शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत. इरा तिसऱ्या बेसवरून सुटली. होम प्लेट गाठली की रन, आणि मॅच आमची. होम प्लेटपाशी चिखलात पोटावर घसरत आली, हात पुढे. बॉल धरलेला कॅचरचा ग्लोव्ह तिच्या खांद्यावर. मिलिंदने मूठ वर केली. आऊट. मॅच टाय.

मैदानावर ती त्याला बाबा म्हणत नाही. इथे अंपायरला सगळे ब्लू म्हणतात, तीही तेच म्हणते. आज चिखलात बसून म्हणाली, "बाबा, आय वॉज सेफ."

मी नेहमीसारखी फोनवर शूट करत होते. गाडीत बसल्यावर बघितलं. ग्लोव्ह लागायच्या आधी हात प्लेटवर पोचलाय. अगदी स्वच्छ दिसतंय.

१४ जुलै, सोम.
इरा डबा तसाच परत घेऊन आली. व्हिडिओ मागितला, दिला. द्यायला नको होता का?

मिलिंद बघायला तयार नाही. "लीगमध्ये व्हिडिओ चालत नाही. आज तुझा बघितला, तर उद्या प्रत्येक आई फोन घेऊन माझ्या अंगावर येईल." मी काय प्रत्येक आई आहे?

१६ जुलै, बुध.
माझंच डोकं फिरलं होतं. मन मोकळं करायला माझ्या मैत्रिणीला, वर्षाला, व्हिडिओ पाठवला, आणि त्या बयेने तो ट्रुगानिनाच्या मराठी ग्रुपवर टाकला. ज्यांनी जन्मात बेसबॉल बघितला नाही ते फ्रेम थांबवून लाल बाण काढतायत. शिरीष लिहितो, "क्रिकेटला थर्ड अंपायर आहे, मग इथे का नाही? फोन तर सगळ्यांच्या खिशात आहेत." त्यावर कुणीतरी, "पोरांच्या खेळात कशाला कोर्टकचेरी!" दुपारपर्यंत जुंपली होती. मग कुणीतरी पुरणपोळ्यांची ऑर्डर विचारली आणि सगळे तिकडे वळले.

मिलिंदही त्या ग्रुपवर आहे. म्यूट केलाय म्हणतो. केला नसणार.

१९ जुलै, शनि.
मी भाजी चिरत होते. मिलिंद मागून येऊन म्हणाला, "दाखव." बघितला. परत बघितला. "सेफ होती."

मी चिरत राहिले. मग तोच म्हणाला, "मला तेव्हाही तसंच वाटलं होतं गं. पण इरा होती ना."

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. सासूबाई त्याच्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्याच्या पेपरात जरा शंका आली की मार्क कापायच्या, लोकांनी नावं ठेवायला नकोत म्हणून. अजून कौतुकाने सांगतात. तोही कौतुकाने ऐकतो. मला इतका संताप आला! "तुझे कापलेले मार्क माझ्या मुलीकडून का वसूल करतोस?" बोलून गेले. त्याचा चेहरा बघवेना.

मग कोचला फोन केला त्याने, निकाल बदलता येईल का म्हणून. कोच म्हणे, "अ कॉल इज अ कॉल, मेट. नो वरीज." नो वरीज! आमच्या घरी येऊन बघ म्हणावं.

इराच्या दाराशी उभा राहून सॉरी म्हणाला. आतून, "इफ इट वॉज क्लोई, यू वुड हॅव सेड सेफ. राइट?" क्लोई तिच्याच टीममधली. इराने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

२६ जुलै, शनि.
उद्या शेवटची लीग मॅच. जिंकलो तरच फायनल्स, म्हणजे बाद फेरी. अंपायर अजून आजारीच. मिलिंदने कोचला विनवलं, दुसरं कुणीतरी बघा. कुणी नाही. इरा म्हणाली, "इट्स फाइन. लेट हिम." आणि मला बाजूला घेऊन, "आई, तू शूट नको करूस. प्लीज. पुन्हा सगळे बघत बसतील."

नाही करणार म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२७ जुलै, रवि.
फोन गाडीतच ठेवला. हातांचं काय करायचं कळेना. पाऊस भुरभुरत होता, बाकीच्यांचे फोनही खिशात.

शेवटची इनिंग, पुन्हा बरोबरी. देवालाही दुसरं काही सुचत नाही. इरा पुन्हा होम प्लेटकडे. चिखल, कॅचर, ग्लोव्ह. क्षणभर मिलिंद नुसताच वाकून उभा. मग दोन्ही हात पसरले. सेफ.

जिंकलो. समोरच्या टीमचे पालक जाळीपाशी ओरडले, "दॅट्स योर किड, मेट!" पोरांनी इराला उचलून घेतलं. ती हसत नव्हती. त्यांच्या डोक्यांवरून बापाकडे बघत होती.

परत येताना मागच्या सीटवरून म्हणाली, "ब्लू." घरच्या गाडीत, ब्लू. "वॉज आय सेफ? ऑर वेअर यू जस्ट बीइंग नाइस?"

सिग्नल सुटला, मिलिंदने गाडी पुढे काढली. "मला सेफ दिसलीस," म्हणाला. "पण आता मलाच खात्री नाही गं." आणि माझ्याकडे बघितलं. आरशातून इराही.

मी जाळीमागे होते. मध्ये कॅचरची पाठ. मला काहीच दिसलं नव्हतं.

"सेफच होतीस," मी म्हटलं.

"यू आर माय मम," इरा म्हणाली. "यू हॅव टू से दॅट."

घरी आलो. युनिफॉर्म भिजत टाकलाय, चिखल निघत नाहीये. पुढच्या रविवारी सेमीफायनल. अंपायर अजून ठरलेला नाही.