आईंचं पाकीट

प्रिय ठमे,

चाळिशी उलटलेल्या नणंदेला ठमे म्हणू नये, कळतं मला. पण आईंनी ठेवलेलं नाव आता या घरात माझ्याशिवाय कोण घेणार? तुझा दादा तर हल्ली कुणाला हाकच मारत नाही. त्याच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आठवड्याला तीनच दिवस काम उरलंय. बाकीचे दिवस तो घरातली पुस्तकं उसवतो आणि पुन्हा शिवतो. लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकाला असा पुठ्ठा चढवलाय, की एक वेळ भूगोल बदलेल, पण पुठ्ठा हलायचा नाही. मी शिंप्याकडून काजं-बटणं घरी आणते. रोज चाळीस शर्ट. डोळे मिटले तरी बटणांची भोकंच दिसतात. थकले गं.

घर अजून पाकिटांवरच चालतं. दादा कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदाची पाकिटं करून आणायचा आणि आई त्यांवर लिहायच्या: भाडं, दूध, वीज, शाळा. एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही, हा त्यांचा कायदा. अंधारात बसू, पण दुधाच्या पाकिटाला हात लावायचा नाही. पगार निम्म्यावर आला तेव्हा मी सगळी पाकिटं पलंगावर पसरली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूणच आटलं आणि पाय तेवढेच राहिले. वर्तमानपत्र बंद केलं, दूध अर्ध्यावर आणलं, लेकीला शाळेत चालत धाडायला लागले. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही, तेच जास्त लागलं मला.

एका पाकिटाला मात्र कात्री लावली नाही. त्यावर 'माझं औषध' असं आईंच्याच अक्षरात आहे. निम्मे आम्ही घालायचो, निम्मे तू पाठवायचीस. आई जाऊन सात महिने झाले, तरी दर एक तारखेला तू पाठवतेच आहेस. पहिल्यांदा वाटलं, दुःखात विसरली असशील. दुसऱ्यांदा वाटलं, सांगू कसं? 'आता नको' म्हणायचं, म्हणजे आई गेल्याचं तुला नव्यानं कळवायचं. दोन महिने पैशांना हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यात विजेचं बिल आलं आणि मी आईंचा कायदा मोडला. मग भाडं. मग लेकीचे बूट. तुझ्या दादाला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं, बायको फार काटकसरी. चारचौघांत माझं कौतुक करतो, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. तूही काही गडगंज नाहीस. दोन पाळ्या करून घसा बसलेला असतो तुझा, फोनवर कळतं मला.

आता शिंप्यानं पुढच्या महिन्यापासून दुकानातच पूर्ण दिवस बोलावलंय. तोंडमिळवणी होईल कशीबशी. तेव्हा यापुढे पाठवू नकोस. वापरलेले जमेल तसे परत करीन, आणि दादाला मीच सांगेन.

हे दोन ओळींत कळवता आलं असतं. सात महिने जमलं नाही, त्याला लाज हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. दर एक तारखेला संध्याकाळी तुझा फोन येतो. 'वहिनी, पोचले का गं?' एवढंच विचारायला म्हणून करतेस आणि मग पाऊण तास बोलतेस. आई गोळी गालात धरून ठेवायच्या आणि आपली पाठ वळली की कुंडीत टाकायच्या, ते तू प्रत्येक वेळी सांगतेस, आणि मी प्रत्येक वेळी हसते. महिनाभरात माझं तेवढंच हसणं होतं. पैसे थांबले तर तू फोन कशाला करशील, या धास्तीनं मी ते घेत राहिले. पाकीट आता रिकामं आहे, फाडलेलं नाही. एक तारखेला फोन कर. विचारायला काही नसलं, तरी कर.

तुझीच,
वहिनी