शिवकन्येचा खोकला आणि माझी वैद्यकी

बेंबळी,
मार्गशीर्षातला सोमवार

नळदुर्गच्या धुरपदाक्कांना धाकट्या श्रीमंतचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात दुपारी डोळा लागतो का? इकडं तुरी शेंगांवर आल्यात, गाय गाभण आहे, आणि नात शिवकन्या आता बरी आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही डोळ्याला पदर लावणार नाही.

झालं असं, की पोरीला आधी सर्दी झाली, मग ताप आला, आणि चौथ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. वय वर्षं पाच, आणि खोकला असा, की रस्त्यानं जाणाऱ्यानं वळून बघावं. तिचा बाप इंद्रजित नेमका ट्रेनिंगला पुण्याला गेलेला. सूनबाई राजेश्वरी म्हणाली, धाराशिवला डॉक्टरकडं नेते. मी म्हणालो, थांब, या घरात खोकल्याचा अनुभव कुणाला असेल तर तो मला. (तुम्हाला ठाऊकच आहे, लहानपणी मी खोकायला लागलो की थंडी आली असं समजून गल्लीतल्या बाया गोधड्या बाहेर काढायच्या.) पहिला उपाय ओव्याच्या पुरचुंडीचा. तव्यावर ओवा तापवला, फडक्यात बांधला, आणि पोरीला चटका बसू नये म्हणून आधी माझ्याच छातीवर टेकवून बघितला. अक्का, तो फारच तापला होता. रुपयाएवढा फोड आला. शिवकन्या एवढी हसली, की तिला आणखी ढास लागली. दुसरा उपाय वाफेचा. उकळत्या पाण्याचं पातेलं आणताना धोतरात पाय अडकला आणि सगळं पाणी पोरीच्या गादीपासून हातभर अंतरावर सांडलं. लिहायला गंमत वाटते, पण ते हातभर अंतर मी नंतर दोनदा मोजून बघितलं. तिसरा उपाय म्हणजे फडताळातली गेल्या वर्षीची अँटिबायोटिकची अर्धी बाटली. झाकण उघडतोय तेवढ्यात राजेश्वरीनं ती माझ्या हातातून काढून घेतली. आवाज चढवला नाही तिनं. नुसतं पोरीचा फ्रॉक वर केला आणि म्हणाली, "मामा, बरगड्या बघा." श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती.

आणि मला तुम्ही दिसलात. तुम्ही तेव्हा अकराच्या, मी पाचाचा, छाती अशीच घरघरणारी. आई-दादा रानात गेलेले आणि शेजारचा रेवणप्पा विळा चुलीत लाल करून माझी छाती डागायला आलेला. (बिचारा चांगल्या मनानंच आला होता, तेव्हा सगळ्याच पोरांना डागायचे.) तुम्ही मला पाठुंगळी घेतलंत आणि मागच्या दारानं पळालात, ते थेट कडब्याच्या गंजीमागं. आडवं केलं की माझा जीव घुसमटायचा, म्हणून दिवस कलेपर्यंत मला मांडीवर बसतं धरून ठेवलंत. तांब्यातलं पाणी घोट घोट पाजत होतात आणि भूमच्या मामाकडं गेल्यावर काय काय खायचं ते सांगत होतात. तुमची यादी धपाट्यापासून सुरू व्हायची आणि परत धपाट्यावरच यायची. ऊन लागलेल्या कडब्याचा वास आला, की मला आजही श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. त्या संध्याकाळी दादांनी तुम्हाला मारलं. तरी तुम्ही दवाखान्याचा हट्ट सोडला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दादा मला उस्मानाबादच्या दवाखान्यात घेऊन गेले. (तेव्हा उस्मानाबादच म्हणायचो आपण.) त्या मारावर मी तुमच्याशी कधी बोललो नाही. मी दाराआडून बघत होतो, एवढंच आज लिहितो.

तर, जीप केली आणि धाराशिव गाठलं. डॉक्टर उमादेवी वयानं राजेश्वरीएवढ्याच. त्यांनी पोरीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, तोंडावर मास्क लावून वाफेतून औषध दिलं आणि सांगितलं, श्वासनळ्यांना सूज आहे, ब्राँकायटिस म्हणतात. लहान पोरांत बहुतेक वेळा विषाणूमुळं होतं, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पातळ पाजत राहा, चमचाभर मध चालेल (वर्षाच्या आतल्या लेकराला मात्र नको), खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल, घाबरू नका. पण श्वास जोरात चालला, बरगड्या आत गेल्या, ओठ निळसर दिसले किंवा लेकरू पाणी प्यायना झालं, तर घरी थांबायचं नाही. "आज आणलंत ते बरं केलंत," असं त्या राजेश्वरीला म्हणाल्या, मान मी डोलावली. मग विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" शिवकन्येनं तोंडावरचा मास्क बाजूला केला, माझ्याकडं बोट दाखवलं आणि मास्क परत लावून घेतला.

दोन दिवस ठेवून घेतलं. घरी आल्यावर मी बिड्यांचं बंडल उकिरड्यात पुरलं आणि पाणी तापवायची चूल लांब परसात नेली. पोर आता भाकरी मागून खाते, मधूनच खोकते आणि माझ्या फोडाची सगळ्या गल्लीला गोष्ट सांगते. राजेश्वरीला मी "चुकलो" असं अजून म्हटलेलं नाही. सकाळचा चहा मी करतो, तिच्या कपात आलं जास्त घालतो. ती कप रिकामा करते.

तुमच्याच मांडीवर वाचलेला,
श्रीमंत

ता. क. हुरडा आलाय. पुढच्या बुधवारच्या एसटीनं या.

ता. क. २. हुरड्याला अजून पंधरा दिवस आहेत. पण तुम्ही बुधवारीच या. खोकला मलाही आहे, दसऱ्यापासून. विहिरीपर्यंत जाऊन आलो तरी धाप लागते. घरात सांगितलेलं नाही, आत्ताच कुठं पोर दुखण्यातून उठलीय. धाराशिवला मोठ्या माणसांच्या छातीचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दारापर्यंत मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बाहेरच चहा पिऊन परत आलो.

ता. क. ३. तुम्ही विचाराल, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का केला नाही. फोनवर दोन वाक्यं बोललो की ढास लागते, आणि ती राजेश्वरीला स्वयंपाकघरात ऐकू जाते.