दोन निळ्या फुलदाण्या आणि माझी सही

मी, छाया गेणू विधाते, वय वर्षे बाहत्तर, धंदा फुलशेती आणि चिनी मातीच्या जुन्या वस्तूंची पारख, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही धाकाशिवाय आणि स्थिरबुद्धीने लिहून ठेवत आहे. 'स्थिरबुद्धीने' हा शब्द लोक अशा कागदात सवयीने घालतात. मी तो मुद्दाम घातला आहे, कारण आईचं डोकं आता चालत नाही, असं माझा एकुलता एक मुलगा हर्षल गेल्या गणपतीपासून नातेवाइकांना सांगत फिरतो आहे.

तो असं का सांगतो, ते आधी लिहिते. हर्षल लग्नाच्या मंडपाची सजावट करतो. या वर्षी त्याने सजावटीचे दोन टेम्पो विकले आणि सटाण्याकडच्या एका माणसाकडून निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी घेतली. हातभर उंचीच्या, अंगावर ड्रॅगन. विकणारा म्हणाला, "हाई दोनशे वरीसनं शे," आणि माझ्या मुलाने विश्वास ठेवला. गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टचा मालक ही जोडी चौपट किमतीला घ्यायला तयार आहे. त्याची अट एकच, ती खरी जुनी आहे असं छायाबाईंनी लिहून द्यावं.

मी ती जोडी दोन दिवस घरात ठेवून पाहिली. दोन्ही नव्या आहेत, फार तर वीस वर्षांच्या. बुडाच्या कोऱ्या मातीला चहाचं पाणी लावून मळकटपणा आणलाय. बुडावरचे चरे सगळे एकाच दिशेचे आहेत. भांडं दोनशे वर्षं उचललं-ठेवलं जातं तेव्हा चरे वेडेवाकडे पडतात, हे कोणीतरी एका दुपारी पॉलिश पेपर घेऊन पाडलेत. मी हर्षलला हे सगळं दाखवलं. त्याने दोन्ही फुलदाण्या परत सरळ उभ्या केल्या. मग म्हणाला, "मम्मी, तू फक्त सही कर. तुझ्या सहीपुढे कोणी बूड बघत नाही."

मी सही केली नाही. करणार नाही. दुसऱ्या आठवड्यात तो शुगर तपासायची म्हणून मला दवाखान्यात घेऊन गेला आणि डॉक्टर निघाल्या मेंदूच्या. डॉ. रोहिणी यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत उतरले. मग त्यांना म्हटलं, तुमच्या टेबलावर पेनं ठेवलेली बरणी चिनी म्हणून घेतली असेल तर फसलात, ती उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची आहे. त्यांनी ती उलटी केली, तर बुडाला अर्धवट खरवडलेला हिंदी शिक्का होता. माझी बुद्धी शाबूत असल्याचा त्यांच्या सहीचा दाखला या कागदाला जोडला आहे.

आता वाटणी.

कलम १. मखमलाबादचं घर आणि मागची वीस गुंठे गुलाबाची जमीन माझ्या यजमानांनी माझ्या नावे केली होती. ती दोन्ही मी हर्षलला देते. याला कोणतीही अट नाही. मुलगा भांडला म्हणून आईने त्याला उघड्यावर टाकावं, असल्या मताची मी नाही. बँकेत जे असेल ते त्याने आणि योगिनीने, म्हणजे माझ्या सुनेने, अर्धं अर्धं घ्यावं. फार नाही. जे मिळालं त्याची मी भांडी घेतली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

कलम २. माझ्याकडे जुन्या चिनी वस्तू एकूण एकतीस आहेत. यादी सोबत जोडली आहे. त्यातली निळी झाकणाची बरणी आणि पितळी टाक्यांची बशी सोडून बाकीच्या एकोणतीस मी माझी सून योगिनी हर्षल विधाते हिला तिच्या एकटीच्या मालकीने देते. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही.

सुनेला का, असं माझ्या माहेरचेसुद्धा विचारतील. त्यांच्यासाठी लिहिते. मी लग्न होऊन आले तेव्हा पहाटे फुलं घेऊन बसने देवळाली कॅम्पला जायची आणि तिथल्या पारशी बंगल्यांना घालायची. त्यात जरबाईंचा बंगला होता. त्यांच्या पणजोबांनी चीनशी व्यापार केलेला, त्यामुळे घरात खोलीखोलीत तिकडची भांडी. मी फुलं ज्यात खोचायची त्याच्याकडे माझं लक्ष जास्त. एका नवरोजला जरबाईंनी मला एक वाटी दिली, गुलाबी फुलांची, सोनेरी काठाची. मी हरखले. आपण तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या गावची माणसं, भांड्याला मान द्यायचा म्हणजे ते लख्ख करायचं. मी ती वाटी चिंच आणि राखेने घासघासून घासली. दोनशे वर्षांचं सोनं दहा मिनिटांत मोरीतून वाहून गेलं, आणि अर्धी फुलंही. पुढच्या खेपेला मी रडत ती जरबाईंपुढे ठेवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दीकरी, आता बस. आधी तळ बघायला शीक, मग तोंड." त्यानंतर सोळा वर्षं, फुलं देऊन झाली की मी तासभर त्यांच्याकडे बसत होते. चिनी अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून बुडावरचे शिक्के मी रांगोळीसारखे गिरवून गिरवून पाठ केले. भांडं वाजवून बघायला मात्र शिकावं लागलं नाही. माठ घेताना आपण तेच करतो.

योगिनीची पहिली दिवाळी आली तेव्हा सगळ्या बायका घासायला बसल्या होत्या. तिने हीच वाटी दोन्ही हातांनी, बुडाला आधार देऊन उचलली आणि विचारलं, "आई, ही घासायची नाही ना?" तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला जे सोळा वर्षांत आलं त्यातलं निम्मं ती घरूनच घेऊन आली होती. आज ती माझ्याइतकी पारख करते आणि रंगाच्या बाबतीत माझ्याहून बरी. तिने फुलदाण्या माझ्याआधी ओळखल्या होत्या. नवऱ्याचं तोंड बघून गप्प बसली, एवढी एकच गोष्ट मला तिची आवडली नाही.

कलम ३. पितळी टाक्यांची बशी माझी थोरली जाऊ आक्काबाई हिला. ही बशी दीडशे वर्षांपूर्वी फुटली होती आणि त्या काळच्या कारागिराने ती पितळेचे बारीक टाके मारून सांधली. ती मी घरात आणली तेव्हा आक्काबाईंनी वाडीभर सांगितलं, की छायाने परक्यांची उष्टी भांडी आणली, त्यातही फुटकी, आता घराला अवकळा येणार. बशी येऊन पस्तीस वर्षं झाली. घर उभं आहे, गुलाब फुलतात आणि आक्काबाईंना चार पणतू झाले. त्यांनी ती समोरच्या भिंतीवर लावावी. नाही लावली तरी चालेल, पण घ्यावी लागेल.

कलम ४. सराफ बाजारातले जुन्या वस्तूंचे व्यापारी गोटीराम यांना चायनीजच्या गाडीवरचा एक सूप बाऊल द्यावा, माझ्या खर्चाने. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका वस्तूवरचा माझा निकाल ऐकून ते दुकानभर माणसांसमोर म्हणाले होते, "माळणीने झेंडू पारखावा." त्यानंतर ते स्वतः कधी आले नाहीत, पण संशयाची वस्तू असली की भाच्याच्या हाती माझ्याकडे पाठवत राहिले. मी प्रत्येक वेळी खरं ते लिहून दिलं. ती सगळी पत्रं त्यांच्या नावाने वहीत उतरवून ठेवली आहेत आणि त्या वह्याही योगिनीच्या आहेत. भाच्यावर माझा राग नाही.

कलम ५. भिंग, बॅटरी, मोजपट्टी, मऊ कुंचले आणि भांडी गुंडाळायची माझी जुनी सुती लुगडी योगिनीला. द्राक्षाच्या पेट्यांच्या फळ्यांची मांडणी जिथे आहे तिथेच ठेवावी. ती यजमानांनी केली आहे. फळीला पुढून बोटभर उंच पट्टी आहे, भांडं सरकलं तरी पडू नये म्हणून. पहिली वाटी बघून ते म्हणाले होते, "वाटी लय भारी हाय, पण हिच्यात आमटी खायची नाय तर करायचं काय?" आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन बसले. जन्मात एकदाही त्यांनी मला, हे कशाला, असं विचारलं नाही. हे कुठेतरी लिहून ठेवायचं राहिलं होतं, म्हणून इथे लिहिलं.

कलम ६. माझ्या नावाचा रबरी शिक्का माझ्या दहाव्याच्या आत, दोन्ही साक्षीदारांसमोर, विळीवर चिरून दोन तुकडे करावा. माझ्या मागे कोणी माझ्या सहीचं पत्र दाखवलं आणि त्याची नक्कल माझ्या वहीत नसेल, तर ते पत्र खोटं. आणि वहीतलं शेवटचं पान या कागदाचाच भाग समजावं. त्यावर एवढंच आहे: हर्षल विधाते यांच्याकडची निळी जोडी जुनी नाही. खाली सही आहे. त्याला माझी सही हवी होती, ती तिथे केली आहे.

कलम ७. राहिली निळी झाकणाची बरणी. ही जरबाईंनी जाताना माझ्यासाठी ठेवली. माझ्याकडच्या सगळ्या वस्तूंत जुनी आणि मोलाची हीच, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. ही मी हर्षलला देते. याला मात्र अट आहे, आणि ती मी त्यालाच सांगते.

हर्षल, तू सात वर्षांचा असताना या बरणीचं झाकण उचलायला गेलास आणि मी तुला मारलं होतं. नंतरही तू मांडणीजवळ आलास की मी हाकलायची. हात लावू नको, हात लावू नको, याशिवाय या वस्तूंबद्दल मी तुला काही सांगितलं नाही. परक्या माणसांना बूड दाखवून शिकवलं, सुनेला शिकवलं, पोटच्या पोराला लांब उभं केलं. मग तू तोंड बघून माल घ्यायला शिकलास. आईला वेडी ठरवायला निघालास ही चूक तुझी आहे आणि ती मी विसरलेले नाही. पण तुला ओळखता आलं नाही, हा दोष माझा आहे. तो मी इथे कबूल करते, कारण तोंडाने मला ते जमलं नसतं.

म्हणून अट अशी, आणि ती वेळेत कळावी म्हणून साक्षीदारांनी हा कागद मला उचलण्याआधी तुला वाचून दाखवायचा आहे. अमरधामात मुलगा पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला फेऱ्या मारतो आणि फोडतो. माझ्या वेळी मडकं आणू नकोस. तुझ्या जोडीतली एक फुलदाणी पाण्याने भर आणि ती खांद्यावर घे. भटजी नाही म्हणतील, तर हा कागद दाखव. जमलेल्या सगळ्या लोकांसमोर ती फोड. जोडी मोडली की रिसॉर्टवाल्याला एकटी नको असेल आणि तुझ्यावर कोणाला फसवल्याचा बट्टा लागणार नाही. उरलेलीत छत्र्या ठेव, त्या कामाला ती चांगली आहे. हे तू केलंस तर बरणी तुझी. त्याआधी जोडी विकलीस, किंवा मला वेडी ठरवायला कोर्टात गेलास, तर बरणी योगिनीची.

मडकं खांद्यावरून मागे टाकतात आणि मागे वळून बघत नाहीत, असा आपल्यात रिवाज आहे. तू बघ. वळ, खाली बस आणि एक तुकडा उचल. फुटलेल्या कडेवर बोट फिरव, आतली माती बघ, किती पांढरीफटक आणि कोरडी आहे ती. तेवढं नीट बघून घे. मग घरी जा, आंघोळ कर, मांडणीवरची बरणी दोन्ही हातांनी खाली घे आणि उलटी कर. घाई करू नकोस. आता तुला कोणी ओरडणार नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचून पाहिला, आणि त्यात एक शब्दही बदलण्याची माझी इच्छा नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. पुन्हा करावं लागलं, तर कारण हर्षलनेच दिलेलं असेल.

सही: छाया गेणू विधाते

आमच्यासमोर छायाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली. आम्हा दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: डॉ. रोहिणी काठे, कॉलेज रोड, नाशिक. सही करताना छायाबाई पूर्ण शुद्धीत होत्या. माझ्या पेनाची नीबही खरी नाही, हे त्यांनी मला सांगितलं.

साक्षीदार २: सावळीराम तांबट, भांडी बाजार, नाशिक.

ठिकाण: नाशिक
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५